दांडी खाली, काटा वर

“काचेला कुंकू लावू नको. काचेला बोटसुद्धा नको,” हे उंबऱ्याबाहेरून म्हणाले.

“मग कुठं लावू?”

“खालच्या पत्र्याला लाव. देवी काय तेवढ्यावर रुसायली का?”

“देवी नाही रुसायली. पर तिचा पुजारी होळीपासून बाहीर उभाय, त्याचं काय?”

हे खाली बघत चपलेने जमिनीवर रेघा ओढत राहिले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती, तरी अडचणीत सापडलं की यांचा चेहरा शाळेतल्या पोरासारखा व्हायचा आणि माझा राग तिथल्या तिथे विरघळायचा. त्या दिवशी मात्र मी तो विरघळू द्यायचा नाही असं ठरवून आले होते.

देवी म्हणजे आमच्या जिनिंगचं पॅनेल. मानवतच्या अलीकडे रस्त्याला लागून काबराशेठची कापसाची जिनिंग होती. माझे यजमान, रंगनाथ घाटूळ, तिथे पॅनेलवर होते. पॅनेल म्हणजे पुरुषभर उंचीचं राखाडी पत्र्याचं कपाट. वर लाल, पिवळा, निळा असे तीन दिवे, खाली शेजारीशेजारी दोन काट्यांचे मीटर, आणि उजव्या अंगाला मेनस्विचची लांब दांडी. दांडी वर केली की तीन दिवे लागायचे आणि सरकी वेचायला बसलेल्या आयाबाया कामाला हात घालण्याआधी त्या दिव्यांना हात जोडायच्या. तीन डोळ्यांची देवी म्हणायच्या तिला.

खंडेनवमीला जिनिंगमधली सगळी हत्यारं पुजली जायची आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर हंगाम सुरू व्हायचा. पॅनेलची ओटी मात्र ऑपरेटरच्या बायकोनेच भरायची असा तिथला रिवाज होता. कोणी पाडला माहीत नाही. नवऱ्याचा जीव जिच्या हाती, तिच्याशी बायकोने जमवून घेतलेलं बरं, असा काहीतरी विचार त्यामागे असावा. मी दर वर्षी खण, नारळ, मूठभर तांदूळ घेऊन जायची. पाणी शिंपडायचं नाही, निरांजन लांबून ओवाळायचं, आणि नारळ फोडायचा तो बाहेरच्या दगडावर, एवढी पथ्यं यांनी मला पहिल्याच वर्षी घालून दिली होती.

त्याच वर्षी यांनी मला मीटर वाचायलाही शिकवलं. आमची खोली जिनिंगच्या आवारातच होती, आणि मला दुपारी करमायचं नाही. मी जेवण घेऊन गेले की हे मला रबरी चटईवर उभं करायचे. “ह्यो व्होल्टचा,” म्हणायचे. “बाहीर दारात किती जोर लावून उभेत, ते सांगतो. आन् ह्यो अँपिअरचा. आत किती शिरले, ते सांगतो.” समोर सरळ उभं राहून वाचायचं, तिरकं बघितलं की काटा खोटं बोलतो. मी आठ दिवसांत वाचायला लागले आणि वर यांना ऐकवलं की व्होल्टचा काटा बायकोसारखा आहे, काम असो नसो, घरात आहे हे सांगत राहतो. आणि अँपिअरचा नवऱ्यासारखा, मशीनला जुंपल्याशिवाय जागचा हलत नाही. हे इतके हसले की सरकीच्या ढिगावरच्या बायका वळून बघायला लागल्या.

तो हसणारा माणूस फाल्गुनात हरवला होता.

झालं होतं असं. हंगाम संपत आला होता. भर दुपारी लाइट गेली, मशीनं थांबली. लाइट जाणं तेव्हा रोजचंच. अँपिअरच्या मीटरची मागची एक वायर सैल झाली होती, मशीन चालू असताना तिला हात लावता येत नाही, म्हणून हे लाइट जाण्याची वाटच बघत होते. व्होल्टच्या काट्याकडे बघितलं, तो शून्यावर. दांडी खाली न करताच यांनी पॅनेलचं दार उघडलं आणि हात आत घातला. मध्यंतरी लाइट आली होती, पण बटण दाबल्याशिवाय मशीनं सुरू होत नसत, म्हणून ते कोणाला कळलं नाही. येताना असा झटका देऊन आली की व्होल्टमीटरचा फ्यूजच उडाला, आणि बिचारा काटा शून्यावरच पडून राहिला. उन्हात दिव्यांकडे कोणाचं लक्ष जाणार?

मी नेमकी त्याच वेळी भाकरी घेऊन आले. बघते तर हे पॅनेलला चिकटलेले. मी धावले. गफूरमामांनी मला खांद्याने असं ढकललं की मी सरकीत जाऊन पडले, आणि त्यांनी सरकी ओढायच्या लाकडी दाताळ्याने दांडी खाली पाडली. हे मागे कोसळले. गफूरमामा म्हणजे जिनिंगचे जुने फिटर. त्या ढकलण्याबद्दल त्यांनी नंतर माझी माफी मागितली तेव्हा मी त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं होतं.

यांच्या तळहातावर दोन काळे डाग राहिले. बाकी शरीर महिनाभरात ठणठणीत झालं. पण पॅनेलच्या खोलीचा उंबरा यांना ओलांडता येईना. हंगाम संपलेलाच होता म्हणून उन्हाळा, पावसाळा निभावला. आवारात झाडलोट करत, पट्टे शिवत, गफूरमामांच्या हाताखाली तेलपाणी करत दिवस काढले. शेठ माणूस चांगला. जुन्यावर भरवसा नको म्हणून त्यांनी नवा व्होल्टमीटर आणून बसवला, यांना एक शब्द बोलले नाहीत. पण घटस्थापनेच्या दिवशी खोलीवर आले, खाटेच्या कडेला बसले आणि म्हणाले, “रंगनाथ, नवमीला मशीन तू चालवून दाखव. नाही जमलं तर जालन्याचा एक माणूस यायला तयार आहे. त्याला मग ही खोली द्यावी लागेल बाबा. माझा नाइलाज आहे.”

ती खोली म्हणजे आमचं घर. लग्न होऊन मी तिथेच उतरले होते. पण खरं सांगायचं तर मला खोलीची एवढी चिंता नव्हती. हातातलं काम गेल्यावर या माणसाचं काय होईल, याची होती. काट्याच्या हलण्यावरून मशीनचं दुखणं ओळखणारा माणूस झाडू घेऊन फिरताना मला बघवत नव्हता.

म्हणून खंडेनवमीच्या सकाळी मी नवी नायलॉनची साडी नेसले, ताट घेतलं आणि यांना म्हटलं, “ओटी मी भरीन. तुमची हत्यारं मात्र तुमीच मांडायची देवीपुढं. परक्याची हत्यारं मी पुजायची नाही.”

आणि आता हे बाहेर उभे होते आणि मी आत. मी कुंकू लावलं, खण ठेवला. मग हत्यारांची पिशवी उचलून उंबऱ्याच्या अगदी कडेला नेऊन ठेवली, माझ्या बाजूला.

“घ्या,” म्हटलं.

“तू मांड की.”

“नाही.”

हे माझ्याकडे बघत राहिले. मग मेनस्विचच्या दांडीकडे बघितलं. ती खाली होती. व्होल्टच्या काट्याकडे बघितलं. तो शून्यावर होता. गफूरमामा पलीकडे जिनच्या चाकाला तेल देत होते, त्यांच्याकडे वळून यांनी विचारलं, “मामा, दांडी तुमीच खाली केली ना?”

“काल सांजच्याला. माझ्या हातानं.”

यांनी चपला काढल्या आणि उंबरा ओलांडला.

 हरिण पाणी प्यायला आल्यावर आपण श्वास धरतो, तशी मी उभी राहिले. यांनी खाली बसून पिशवी उघडली. पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, आणि टेस्टलॅम्प, म्हणजे होल्डरात एक बल्ब आणि त्याला दोन लांब वायरी, एका वायरीला चिमटा. एकेक वस्तू पुसून यांनी खणावर मांडली.  मला इतका आनंद झाला की कुठे ठेवू कळेना. काहीतरी करायला हवं म्हणून मी पॅनेलच्या दारावर डावा हात टेकवला आणि पदराने नव्या मीटरचं तोंड खसखसून पुसलं. पावसाळाभराची धूळ होती. बोट लावू नको म्हणाले होते, पदर लावू नको असं कुठे म्हणाले होते?

“आता कसं लखलखीत दिसायलंय,” मी म्हटलं आणि यांच्याकडे वळले.

यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. नजर माझ्या खांद्यावरून मागे, मीटरवर.

“कुशा,” हे अगदी हळू म्हणाले. माझं नाव कुशावर्ता. “हलू नको.”

“काय झालं?”

“दुसरं कायीच करू नको. दारावरचा हात तेवढा उचल. सरळ. आता मागं ये. माझ्याकडं नको येऊ, बाहीर जा.”

मी बाहेर आले आणि मग वळून बघितलं. व्होल्टचा काटा शून्यावर नव्हता. शंभराच्या पुढे जाऊन उभा होता. दांडी खाली होती, तिन्ही दिवे विझलेले होते, आणि काटा वर.

हे माझ्या मागोमाग बाहेर आले आणि ओट्यावर बसले. दोन्ही हात गुडघ्यांमध्ये दाबून धरले होते.

“शेठला सांग,” म्हणाले. “जालन्याच्या माणसाला बोलवा म्हनावं.”

गफूरमामा तेलाची झारी हातात घेऊन आले. आत डोकावले. दांडीकडे बघितलं, काट्याकडे बघितलं, आणि त्यांच्यासारखा चार हंगामी मुकादमांना दम देणारा माणूस एक पाऊल मागे सरला. “या अल्ला. हे कुठून यायलं? दांडी तर म्या सोता पाडली.”

“तेच म्हनतोय मामा. तवा काटा नाही म्हनला आन् लाइट होती. आता दांडी पाडली तरी काटा हाय म्हनायलाय. कशावर इश्वास ठेवावा मानसानं?”

“मग बघा ना लाइट हाय का नाही ते,” मी म्हटलं.

“कसं?”

“मला काय विचारता? बल्ब कशाला आणलाय, पुजायला?”

हे हलले नाहीत. मला एकदम रडू आलं आणि त्या रडण्याचा रागही आला. सकाळपासून एवढा खटाटोप करून माणूस उंबऱ्याच्या आत आणला होता, आणि कुठल्यातरी काडीएवढ्या काट्याने तो परत बाहेर ढकलला. मी पदर खोचला आणि आत गेले. खणावरचा टेस्टलॅम्प उचलला.

“ठेव ते.”

“नाही ठेवायची. मला येतं. चिमटा पत्र्याला लावायचा आन् दुसरी वायर आत लावायची. बघितलंय मी तुमचं.”

“कुशा, ठेव म्हनलं ना.”

“मग या आन् घ्या माझ्या हातातून.”

 हे उठले. आत येईपर्यंत त्यांना किती वेळ लागला असेल सांगता येत नाही. मला फार वाटला. आले ते माझ्यापासून हातभर अंतरावर थांबले. मी वायर पुढे केली, तिचं लोंबतं टोक यांनी धरलं आणि बल्ब माझ्याकडून सोडवून घेतला.

“असं लगेच नाही लावायचं,” म्हणाले. आवाज कोरडा होता, पण तो जुना, शिकवतानाचा आवाज होता. “बल्बच गेलेला असला तर? तोबी मग नाही म्हनंल, आन् आपण त्याचं ऐकून हात घालू. आधी ह्याला तपासायचं.”

शेठच्या ऑफिसची लाइन वेगळी होती, ती चालू होती. यांनी तिथल्या प्लगवर बल्ब लावून बघितला. पेटला. परत आले. रबरी चटईवर पाय रोवले. पॅनेलचं दार उघडून चिमटा पत्र्याला अडकवला, डावा हात पाठीमागे नेला, आणि उजव्या हाताने दुसरी वायर एकेका फेजला, म्हणजे आतल्या तीन तारांना, टेकवली. तीनदा टेकवली. बल्ब तीनदाही पेटला नाही. मग हे पुन्हा ऑफिसात गेले आणि प्लगवर बल्ब पुन्हा पेटवून बघितला.

“आता कशाला?” गफूरमामांनी विचारलं.

“मधल्या मधी गेला नाही ना, म्हनून.”

परत आल्यावर यांनी पॅनेलपुढे उभं राहून काट्याकडे बघितलं. तो अजून शंभराच्या पुढेच होता, ढिम्म.

“पॅनेल मेलेलंय,” हे म्हणाले. “लाइट नाही. ह्यो काटाच खोटं बोलायला.”

“मग तो उभा कशाच्या जोरावर?”

“तेच बघतो.” यांनी चेहरा मीटरच्या अगदी जवळ नेला, नाक टेकेल एवढा. बहुधा मघापासून धरून ठेवलेला श्वास यांनी तेव्हा सोडला, कारण मीटरचं तोंड धुरकट झालं. आणि काटा हलला. कोणी हळूच बोट धरून बसवावं तसा खाली आला आणि शून्यावर बसला.

आम्ही तिघंही बघत राहिलो.

यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या साडीकडे बघितलं. “पदर दे,” म्हणाले. वाफ सुकल्यावर पदराचं टोक धरून यांनी मीटरचं तोंड खसखस पुसलं. काटा उठला. यांनी तोंड जवळ नेऊन हाऽऽ करून वाफ सोडली. काटा खाली. परत पुसलं, परत उठला.

“नायलॉन,” हे म्हणाले. “जुन्या मीटरला खरीखुरी काच होती. ह्याला प्लॅस्टिक हाय. आन् हवा ही अशी कोरडी. पोरं कंगवा केसात घासून कागदाचे कपटे उचलतात, तसं झालं हे. तुझ्या पदरानं काटा उचलला, कुशे.”

“मंजी येवढ्या मोठ्या इंजिनेराला माझ्या साडीनं पळवून लावलं?”

आणि हे हसले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग भिंतीला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. गफूरमामा “तौबा तौबा” म्हणत स्वतःचेच कान पकडत होते. मीही हसत होते. हसू ओसरल्यावर मी नारळ उचलला.

“चला. आता दांडी वर करा. मी बाहीर नारळ फोडते.”

हे हसायचे थांबले.

“नाही, कुशा.”

“आता काय राह्यलं? झाली की खात्री. तुमची भीती खोटी निघाली.”

“मला कशाची भीती वाटती, तुला काय म्हाईत?”

“शॉकची. आनखी कशाची?”

यांनी मान हलवली. बराच वेळ पक्कड हातात फिरवत राहिले. गफूरमामांनी झारी उचलली आणि जायला निघाले, तर हे म्हणाले, “मामा, थांबा. तुमी तर होताच तिथं.” मग माझ्याकडे न बघता बोलायला लागले.

“चिकटल्यावर मानसाला सगळं दिसतं, कुशा. ऐकू येतं. निस्तं बोलता येत नाही. मला तू दारात दिसलीस. डोक्यावर टोपलं होतं. तू ते टाकलंस आन् दोन्ही हात पुढं करून पळत आलीस. मला वरडून सांगायचं होतं की नको. हात लावू नको. जीभच हलंना. तू येत होतीस आन् मी निस्ता बघत होतो. मामांनी तुला ढकललं नसतं तर...” यांनी पक्कड खाली ठेवली. “त्या घडीला माझ्या अंगातून काय चाललंय त्याचं मला कायीच वाटत नव्हतं. मला येकच कळत होतं, ही आता मला हात लावनार. रोज डोळे मिटले की तू पळत येतीस. मी पॅनेलला भेत नाही. मी तुला भेतो.”

मी नारळ खाली ठेवला. सात महिने ज्या माणसाला मी टोमणे मारत होते, तो हे असलं काही उरात घेऊन झाडलोट करत होता, हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. 

“मग काय करू मी?” मी विचारलं. “जेवण घेऊन येऊ नको?”

“ये. पर आधी शीक.”

हे चटईवरून खाली उतरले आणि पॅनेलपुढे उभे राहिले. उजवा हात उचलून पत्र्यापासून बोटभर अंतरावर धरला. अंग ताठ केलं. “मी चिकटलोय. तू दारात हायेस. ये.”

मी दारात गेले आणि तिथून यांच्याकडे बघितलं. नाटक आहे हे मला कळत होतं. दांडी खाली होती, काटा शून्यावर होता, बल्बाने दोनदा साक्ष दिली होती. पण यांचा तो ताठ हात आणि माझ्यावर खिळलेले डोळे बघितले आणि माझं भान सुटलं. मी सरळ धावत जाऊन यांच्या दंडाला धरलं.

“मेलीस,” हे म्हणाले. “परत.”

दुसऱ्या वेळी मी अर्ध्या वाटेत थांबले, पण हात पुढे झालेच होते. “मेलीस. माझ्याकडं बघू नको. दांडीकडं बघ.” तिसऱ्या वेळी मी यांच्याकडे पाठच फिरवली, भिंतीशी गेले आणि दांडीला हात घातला. “दांडी जाम झाली असली तर?” हे ताठ उभ्यानेच विचारत होते. “तर लाकूड. कोरडं. दाताळं तिथं टांगलंय. त्यानं हात उडवायचा माझा. मोडला तर मोडू दे.” मी दाताळं काढलं. ते इतकं जड होतं की मला पेलवेना, आणि यांच्या हातावर ते मारायचं या नुसत्या विचाराने मला हुंदका फुटला. गफूरमामांनी तोंड फिरवून घेतलं आणि उगाच चाकाला तेल द्यायला लागले.

“रडून घे,” हे म्हणाले. “आन् मग देवीपुढं सांग.”

“काय सांगू?”

“की मी चिकटलेला दिसलो तर तू मला हात लावनार नाहीस. मरताना दिसलो तरी लावनार नाहीस. हे सांगितलंस तर मी दांडी वर करतो. नाही सांगितलंस तर आपण उद्याच्याला गावाकडं जाऊ, मी चार जनावरं सांभाळीन, मला त्याचं दुःख नाही.”

लग्नात भटजींनी आमच्याकडून काय काय वदवून घेतलं होतं, त्यातलं एक अक्षर मला कळलं नव्हतं. हे मात्र प्रत्येक अक्षर कळत होतं. मी पॅनेलपुढे उभी राहिले. जीभ उचलेना. हे वाट बघत होते. घाई करत नव्हते, रागावत नव्हते. ज्या प्रेमाने ते वाट बघत होते ते मला आयुष्यभर पुरलं.

“तुमी चिकटलेले दिसलात तर मी तुमाला हात लावनार नाही,” मी म्हटलं.

“मरताना दिसलो तरी.”

“मरताना दिसलात तरी.”

यांनी दीर्घ श्वास घेतला. मला चटईमागे उभं केलं, पॅनेलचं दार लावून घेतलं, आणि दांडी वर केली. लाल, पिवळा, निळा, तिन्ही दिवे लागले.

“वाच,” हे म्हणाले.

मी डोळे पुसून सरळ समोर उभी राहिले. “चारशे दहा.”

यांनी हिरवं बटण दाबलं. पलीकडे पट्टा फडफडला, रिकामं मशीन गुरगुरलं. अँपिअरचा काटा उसळून उजवीकडे गेला आणि मोटरीने वेग घेतल्यावर हळूहळू खाली येऊन स्थिरावला. गफूरमामांनी शेठना हाक मारली. जालन्याच्या माणसाला नको म्हणून निरोप गेला.

त्यानंतर निवृत्त होईपर्यंत हे त्याच पॅनेलवर होते. यांच्याइतका सावध ऑपरेटर त्या भागात नव्हता. दांडी खाली पाडणार, तिला कुलूप घालून किल्ली खिशात टाकणार, काट्याकडे बघणार, काट्यावर भरवसा न ठेवता बल्ब तपासणार, बल्बाने पॅनेल तपासणार, पुन्हा बल्ब तपासणार, आणि मग कुठे एक हात पाठीमागे घेऊन बोट आत घालणार. एका स्क्रूसाठीसुद्धा. नवी पोरं यांना हसायची, एकदाच शॉक लागला तर म्हातारा जन्माचा घाबरला म्हणायची. हे त्यांना काही सांगायचे नाहीत.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्या दिवशी मी देवीपुढे शब्द दिला, तो यांनी ऐकून घेतला, मान डोलावली आणि त्यातल्या एका अक्षरावरही विश्वास ठेवला नाही.